लाल बिंदूची पारख : रशियन रेड डॉट साइट घेण्यापूर्वी

नेमबाजीच्या साधनांविषयी वाचकांकडून जी विचारणा वारंवार होते, तीत एक प्रश्न इतक्या आग्रहाने आणि इतक्या संभ्रमित स्वरूपात पुढे येतो की त्याचा एकदा सविस्तर परामर्श घेणे अगत्याचे झाले आहे. ‘रशियन रेड डॉट साइटपैकी सर्वांत उत्तम कोणती?’ असा तो प्रश्न आहे. विचारणाऱ्यांपैकी कोणी चांदमारीच्या मैदानावर नुकतेच जाऊ लागलेले असतात. कोणी सैन्यातून वा पोलीस दलातून निवृत्त झालेले असून कालाश्निकोव्ह रायफलीशी त्यांचा जुना परिचय असतो. कोणी पिकांच्या रक्षणासाठी परवान्याची बंदूक बाळगणारे असतात. तर कोणी परदेशी स्थायिक झालेले असून तेथील कायद्यान्वये त्यांच्याजवळ रशियन बनावटीची सायगा रायफल असते. या सर्वांना एकच नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे, परंतु ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. कारण साइटची योग्यता तिच्या नावावर अवलंबून नसून, आपला डोळा, आपले शस्त्र आणि त्या दोहोंना जोडणारी बैठक या तिघांच्या मेळावर अवलंबून असते. सबब ‘कोणती उत्तम’ असे न विचारता ‘माझ्या हातात आलेली साइट मी कशी तपासू’ असे विचारावे, हा आमचा पहिला आग्रह आहे. पुढे दिलेल्या बहुतेक चाचण्या एकही काडतूस खर्च न करता करता येतात.

आधी आपली गरज निश्चित करा

पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल तीन आसनांच्या प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हापासून नव्या नेमबाजांची आणि त्यांच्या पालकांची पृच्छा विशेष वाढलेली दिसते. या वाचकांना प्रथमच स्पष्ट सांगावयास हवे की ऑलिंपिक पद्धतीच्या स्पर्धांत रेड डॉटला मुभा नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार पिस्तुलाला केवळ उघडी साइट चालते; भिंग, आरसा, लेसर अथवा विजेने प्रक्षेपित केलेला बिंदू चालत नाही. रायफलीलाही, धावत्या लक्ष्याचा प्रकार वगळता, दुर्बीण चालत नाही. मुलाला त्या वाटेने न्यायचे असेल तर साइटवर घालवायचा पैसा जाकीट, बूट व चांगला प्रशिक्षक यांवर खर्च करावा.

रेड डॉट ज्यांना उपयोगी पडते ते लोक निराळे आहेत :

- व्यवहारोपयोगी नेमबाजीच्या ज्या स्पर्धांत अशा साइटसाठी स्वतंत्र विभाग असतो, त्या विभागात उतरणारे.
- हवेच्या बंदुकीवर घरगुती सराव करणारे. मात्र स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का मागे व पुढे असा दोन्ही दिशांनी बसतो आणि केवळ मागचा धक्का सोसण्यासाठी घडविलेली साइट त्याने निकामी होऊ शकते. म्हणून ‘स्प्रिंगच्या हवेच्या बंदुकीवर चालेल काय’ हा प्रश्न विक्रेत्यास लेखी विचारावा.
- परवान्याची बंदूक असलेले आणि वयोमानाने ज्यांना मागची खाच, पुढची माशी व लक्ष्य ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसेनाशी झाली आहेत असे गृहस्थ. या वर्गाला रेड डॉटचा लाभ सर्वांत अधिक होतो असे आमचे मत आहे, कारण येथे डोळ्याला लक्ष्य एवढ्या एकाच अंतरावर स्थिरावयाचे असते.

कालाश्निकोव्ह जातीची रायफल भारतात सामान्य नागरिकास बाळगता येत नाही. उत्तर प्रदेशातील कोरवा येथे तयार होणारी ए.के.-२०३ ही सशस्त्र दलांसाठी आहे. त्यामुळे त्या रायफलीच्या कुशीला बसणारी साइट ‘स्वस्तात मिळते’ म्हणून मागविणाऱ्या भारतीय वाचकाने ती आपल्या बंदुकीवर बसेल कशी, याचा विचार पैसे मोजण्यापूर्वी करावा.

यंत्राची रचना : निर्णयास लागेल तेवढीच

साइटच्या आत एक लहान दिवा असतो आणि समोर किंचित वक्र, विशिष्ट लेप दिलेली काच असते. तो लेप दिव्याचा लाल प्रकाश डोळ्याकडे परतवितो आणि बाकीचा प्रकाश आरपार जाऊ देतो. दिवा काचेच्या नाभीवर असल्यामुळे परतलेले किरण समांतर होतात आणि बिंदू दूरवर, लक्ष्याच्याच ठिकाणी असल्यासारखा दिसतो. डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली ही कल्पना मांडली. विजेच्या बिंदूची साइट स्वीडनमध्ये १९७५ साली बाजारात आली. या रचनेतून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, लेप लाल रंग अडवीत असल्यामुळे काचेतून दिसणारे दृश्य थोडे निळसर दिसते. दोन, किरण खरोखर समांतर असतील तरच डोके हलले तरी नेम हलत नाही. आणि ते समांतर आहेत की नाहीत हे जाहिरातीवरून कळत नाही, तपासावेच लागते.

‘रशियन’ या नावाखाली काय विकले जाते

या नावाखाली निदान चार निरनिराळ्या स्वभावांची साधने विकली जातात, आणि त्यांतील काही रशियन नाहीतच.

कोब्रा, म्हणजे ई.के.पी.-८ मालिका, ही ईझेव्स्क येथील आक्सिओन कारखान्याची असून या सर्वांत तिचाच बोलबाला अधिक. ती उघड्या रचनेची आहे : मागे दिवा, पुढे टोपणाखालची काच. चार निरनिराळ्या नेमखुणा तीत बदलता येतात. ई.के.पी.-८-०२ ही कालाश्निकोव्हच्या कुशीच्या पट्टीवर बसते, तर ई.के.पी.-८-१८ ही आडव्या खाचांच्या पाश्चात्त्य पट्टीवर बसते. पत्रातून ‘कोब्रा घेऊ का’ असे विचारणाऱ्या दहांतील नऊ जण हा शेवटचा अंक लिहीतच नाहीत, आणि सगळा घोटाळा तेथेच होतो. तिच्या निरनिराळ्या पिढ्यांतील विजेरीचे मापही एक नाही. म्हणून विजेरीचे घर उघडून पाहावे.

पी.के.-ए.एस. ही बेलारूस देशातील विलेयका येथील झेनित कारखान्याची, बेलोमो या संघटनेची वस्तू आहे. रशियन म्हणून ती सर्रास विकली जाते एवढेच. ती बंद नळीच्या रचनेची आहे. दिवा बंद असतानाही तीत काळी नेमखूण दिसते. विजेरी संपल्यावरही नेम धरता येणे हा गुण आमच्या दृष्टीने फार मोलाचा आहे; तिच्या नळीतून दिसणारे क्षेत्र कोब्रापेक्षा अरुंद वाटते, हा दोष त्यामानाने सोसण्याजोगा आहे.

१पी६३, ‘ओब्झोर’ या नावाची, नोव्होसिबिर्स्कच्या कारखान्यातील. तीत विजेरीच नाही. दिवसा बाहेरचा प्रकाश गोळा करून आणि रात्री ट्रिटियम या किरणोत्सारी वायूच्या प्रकाशाने ती नेमखूण उजळते. कल्पना उत्तम आहे, परंतु ट्रिटियमचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षे असतो. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी भरलेल्या साइटचा रात्रीचा प्रकाश मूळच्या एक चतुर्थांशच उरतो. जुना माल घेणाऱ्याने निर्मितीचे साल पाहिल्याविना पैसे देऊ नयेत. शिवाय किरणोत्सारी द्रव्याच्या आयातीचा प्रश्न भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कक्षेत येतो. सामान्य ग्राहकाने या फंदात पडू नये, हा आमचा स्पष्ट सल्ला.

ओ.के.पी.-७ ही सडपातळ, जवळजवळ नुसत्या काचेच्या चौकटीची साइट आहे. तिच्यातून भोवतालचे दृश्य सर्वांत मोकळे दिसते आणि वेगवान नेमासाठी ती फार सुखावह आहे. पण उघडी असल्यामुळे दिवा व काच यांच्यामध्ये पाण्याचा थेंब वा चिखल येऊन बसला की नेमखूण विस्कटते. याखेरीज ‘राकुर्स’ आणि रशियन सैन्याच्या ‘रात्निक’ साजातील १पी८७ ही नावेही कानी येतात. त्यांनाही पुढील चाचण्या तशाच लागू आहेत.

बैठकीची चाचणी : सर्वांत महत्त्वाची

सोव्हिएत परंपरेत साइट रायफलीच्या डाव्या कुशीवरील पट्टीवर सरकवून बसवितात व खिट्टी फिरवून आवळतात; १९९१ च्या ए.के.-७४एम पासून तर ही पट्टी रायफलीचा नेहमीचा भागच झाली. साइट काढून पुन्हा बसविली तरी नेम तोच राहतो, अशी या पद्धतीची ख्याती आहे. ही ख्याती निराधार नाही, पण ती आपल्या हातातील विशिष्ट पट्टी आणि विशिष्ट खिट्टी यांच्याबाबत खरी ठरते की नाही, हे मात्र आपणच सिद्ध करून घ्यावयाचे आहे. आणि साइटची परीक्षा करणारे बहुतेक लेख नेमके येथेच मौन पाळतात.

चाचणीची रीत अशी :

1. शस्त्र पूर्ण रिकामे आहे याची खात्री करा. मॅगझीन काढा, काडतुसाचे घर डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. काडतुसे त्या खोलीत नसावीत.
2. शस्त्र वाळूच्या पिशव्यांवर किंवा कापड गुंडाळलेल्या शिकंज्यात असे स्थिर करा की ते तसूभरही हलणार नाही. त्यासाठी बंद आवाराची, परवानगीची जागा हवी; गच्चीवर किंवा अंगणात हे करून शेजाऱ्यांना धास्तावू नये.
3. २५ मीटरवर मिलिमीटरच्या चौकोनांचा कागद लावा आणि बिंदू कोठे पडतो त्याची खूण करून घ्या.
4. साइट काढा, पुन्हा बसवा, बिंदूची नवी जागा नोंदवा. असे निदान दहा वेळा करा. काही वेळा खिट्टी हलक्या हाताने, काही वेळा जोराने बंद करून पाहा.

वर्तुळाच्या अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला, जिला दुकानांत एम.ओ.ए. म्हणतात. २५ मीटरवर एक कला सुमारे ७ मिलिमीटर भरते, १०० मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. दहा वेळच्या खुणा ७ मिलिमीटरच्या वर्तुळात राहिल्या तर बैठक उत्कृष्ट. १५ पर्यंत गेल्या तरी बिंदू लक्ष्यावर ठेवून झाडण्याच्या सामान्य कामाला चालेल. त्याहून अधिक फाकल्या, किंवा खिट्टीच्या जोराबरोबर बिंदू एका बाजूस सरकत गेला, तर ताण नीट लावलेला नाही. रशियन बैठकींत खिट्टीखाली ताण कमीजास्त करण्याची नट असते. खिट्टी बोटांच्या पक्क्या दाबाने बंद व्हावी, हातोडीची गरज पडू नये आणि बंद झाल्यावर साइट हाताने डुलता कामा नये, अशा बेताने ती नट बसवावी. इतके करूनही बिंदू भटकत असेल, तर दोष पट्टीत आहे की साइटमध्ये, हे पाहण्यासाठी तीच साइट दुसऱ्या शस्त्रावर बसवून पाहावी.

बैठकीसंबंधी आणखी एक गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते. कुशीच्या बैठकीमुळे साइट नळीच्या बरीच वर येते, आणि जुना दस्ता मात्र खालच्या माशीच्या हिशेबाने केलेला असतो. गाल दस्त्यावर टेकण्याऐवजी हनुवटी टेकू लागली की प्रत्येक गोळीगणिक डोक्याची जागा बदलते. उंचीचा दुसरा परिणाम जवळच्या अंतरावर दिसतो : साइट नळीच्या ६ सेंटिमीटर वर असून ५० मीटरवर नेम जुळविला, तर १० मीटरवर गोळी बिंदूच्या जवळजवळ ५ सेंटिमीटर खाली लागते. हा साइटचा दोष नव्हे, भूमितीचा नियम आहे. तो माहीत नसलेले वाचक मात्र साइट परत करण्याची तयारी करतात. खरेदीपूर्वी साइट बसवून, डोळे मिटून शस्त्र खांद्याला लावावे आणि मग डोळे उघडावे. बिंदू शोधावा लागला तर ती बैठक आपल्या अंगाला जुळणारी नाही.

डोळ्याची चाचणी

‘बिंदू गोल दिसत नाही, फुटलेल्या ताऱ्यासारखा दिसतो, माल खराब आहे काय?’ अशी तक्रार करणाऱ्या वाचकांपैकी अनेकांचा माल निर्दोष असतो आणि डोळ्याला मात्र वक्रतादोष असतो. याचा निवाडा क्षणात होतो. साइट हातात धरून तिच्याच अक्षाभोवती हळूहळू फिरवा. ताऱ्याची टोके साइटबरोबर फिरली तर दोष साइटचा. टोके जागच्या जागी राहिली तर दोष डोळ्याचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बिंदू पाहणे हाही एक पुरावा, कारण कॅमेऱ्याला आपला वक्रतादोष नसतो. दोष डोळ्याचा निघाला तर आधी चष्मा तपासून घ्यावा, आणि तरीही अडचण राहिली तर ज्या साइटमध्ये काचेवर कोरलेली काळी खूण असते, तिला प्राधान्य द्यावे.

प्रखरतेची चाचणी दुकानातील नळीच्या दिव्याखाली घेऊ नये. महाराष्ट्रातील मे महिन्याच्या दुपारी, चुन्याने रंगविलेल्या पांढऱ्या भिंतीसमोर, पूर्ण प्रखरतेवर बिंदू स्पष्ट उठून दिसतो काय हे पाहावे. आणि त्याच साइटची सर्वांत मंद पायरी संध्याकाळच्या अंधारात पाहावी. उत्तरेच्या थंड, अंधुक प्रकाशासाठी योजलेल्या काही साधनांची प्रखरता आमच्या उन्हाला पुरत नाही, तर काहींची मंद पायरीच इतकी तेजस्वी असते की अंधारात लक्ष्य झाकोळून जाते. कोकणच्या जांभ्या मातीच्या बांधापुढे लाल बिंदू किती हरवतो, हेही तेथील वाचकांनी पाहून ठेवावे.

बिंदूचा आकारही विचारात घ्यावा. २ कलांचा बिंदू १०० मीटरवर सुमारे ५.८ सेंटिमीटर झाकतो, ४ कलांचा ११.६ सेंटिमीटर. जवळच्या, वेगवान कामाला मोठा बिंदू बरा. कागदावर गट मोजणाऱ्याला लहान हवा.

डोके हलविले असता

शस्त्र स्थिर ठेवून, त्याला स्पर्श न करता, डोके डावीकडे, उजवीकडे, वर, खाली असे हलवा, की बिंदू काचेच्या कडेपर्यंत जाईल. ५० मीटरवरील लक्ष्यावर तो किती सरकतो ते पाहा. किरण समांतर असतील तर हे सरकणे काचेच्या निम्म्या रुंदीहून अधिक असू शकत नाही : ३० मिलिमीटरच्या काचेत मध्यापासून कडेपर्यंत १५ मिलिमीटर. बिंदू पाच-सहा सेंटिमीटर सरकत असेल, तर ‘पॅरलॅक्स (डोके हलल्याने होणारे हे सरकणे) मुळीच नाही’ हा वेष्टनावरील दावा खोटा आहे. दोष एकाच बाजूस दिसला तर काच तिरपी बसली असण्याचा संभव धरावा.

चांदमारीवर

येथवर टिकलेली साइटच मैदानावर न्यावी. प्रथम आपल्या जुन्या माशीने, टेकू देऊन, पाच-पाच गोळ्यांचे तीन गट झाडा. हा आधार नसेल तर पुढचे सारे मोजमाप व्यर्थ आहे. कारण जे शस्त्र १०० मीटरवर मुळातच १० सेंटिमीटरचा गट देते, त्यावर दोन साइटमधील ३ सेंटिमीटरचा फरक कोणालाही पाच गोळ्यांत दाखविता येणार नाही. तुलना करावयाची असेल तर एकच शस्त्र, एकाच पेटीतील काडतुसे, एकच दिवस आणि एकच नेमबाज हवा.

मग चौकोनाची चाचणी घ्यावी : लक्ष्यावरील एकाच ठिपक्यावर नेम ठेवून एक गट झाडा, मग नेम जुळविण्याची चकती दहा टिचक्या (एकेका टिचकीने नेम ठरावीक मापाने सरकतो) उजवीकडे, मग दहा वर, दहा डावीकडे, दहा खाली, असे प्रत्येक वेळी एक गट झाडीत जा. पाचवा गट पहिल्यावर पडला पाहिजे.

टिचकीच्या हिशेबात एक रशियन विशेष लक्षात ठेवावा. तेथे वर्तुळाचे ६००० भाग करून त्यांतील एकाला ‘सहस्रांश’ म्हणतात आणि तो ०-०१ असा लिहितात. हा सहस्रांश बरोबर ३.६ कलांचा असून १०० मीटरवर सुमारे १०.५ सेंटिमीटर भरतो, तर पाश्चात्त्य दुर्बिणींवरील मिलिरेडियन १० सेंटिमीटर भरतो. सोबतच्या पुस्तिकेत टिचकीचे माप सहस्रांशात दिलेले असताना ते कलांत समजून फिरविल्याने गोळी कागदाबाहेर गेली, तर त्यात साइटचा अपराध नाही.

शेवटी शंभरेक गोळ्यांनंतर नेम जागचा हलला काय, दिवा लुकलुकतो काय आणि विजेरीच्या झाकणाचे आटे सैल पडले काय, एवढे पाहावे.

विजेरी आणि दमट हवा

विजेरी सहज मिळणारी असावी; तालुक्याच्या गावी न मिळणाऱ्या विजेरीवर चालणारी साइट पावसाळ्यात शोभेची वस्तू ठरते. साइट बराच काळ ठेवून द्यायची असेल तर विजेरी काढून ठेवावी.

रशियन साधने कडाक्याच्या थंडीसाठी ख्यात आहेत. आमच्या किनाऱ्यावरील शत्रू मात्र थंडी नसून बुरशी आहे. बंद नळीची साइट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तासभर फ्रीजमध्ये ठेवा व बाहेर काढून पाहा. काचेवर बाहेरून धुके आले तर ते पुसता येते. आतून आले तर सील फुटलेले आहे आणि दोन पावसाळ्यांत आत बुरशीचे जाळे दिसू लागेल. अशी साइट कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. चांगल्या साइटलाही सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावे. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओल धरते.

अस्सल की नक्कल

कोब्रा व पी.के.-ए.एस. या दोहोंच्या खेळण्याच्या बंदुकांसाठी केलेल्या नकला बाजारात आहेत आणि त्यांवर रशियन अक्षरेही कोरलेली असतात. खऱ्या मालासोबत ‘पासपोर्त’ नावाची पुस्तिका येते. तीत अनुक्रमांक, निर्मितीची तारीख आणि कारखान्याच्या तांत्रिक तपासणी विभागाचा, ओ.टी.के.चा, शिक्का असतो. पुस्तिकेवरील व साइटवरील अनुक्रमांक जुळले पाहिजेत. पुस्तिका नाही, काचेच्या लेपाला खालवर निरनिराळी छटा आहे आणि दिव्याची प्रखरता पायऱ्यांनी न वाढता झटक्याने वाढते, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तर सौदा सोडून द्यावा.

कायदा आणि आपले हक्क

- शस्त्रकायदा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने आवाज वा ज्वाला मंद करणाऱ्या उपकरणांना शस्त्राच्या व्याख्येतच घातले आहे. नेमाच्या साइटचा उल्लेख त्या शब्दांत नाही. तरीही परवान्याच्या शस्त्रावर काहीही कायमचे बसविण्यापूर्वी आपल्या परवाना अधिकाऱ्यास, म्हणजे जिल्हादंडाधिकारी किंवा आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त यांस, लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.
- भोके पाडणे. बैठकीसाठी शस्त्राला भोके पाडावी लागत असतील तर ते काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावे. शस्त्रात फेरफार वा दुरुस्ती करण्यास त्या अधिनियमाच्या ५ व्या कलमान्वये परवाना लागतो. गावच्या लेथवाल्याकडे बंदूक नेऊन आपण त्याला आणि स्वतःलाही गुन्ह्यात ओढता.
- आयात. सीमाशुल्काच्या वर्गवारीत शस्त्रावर न बसविलेली प्रकाशीय साइट ही शस्त्रांच्या ९३ व्या प्रकरणात न येता प्रकाशीय उपकरणांच्या ९० व्या प्रकरणात येते. म्हणून ती मुक्तपणे मागविता येते असे मात्र गृहीत धरू नये. मागणी नोंदविण्यापूर्वी विदेश व्यापार महासंचालनालयाचे चालू आयात धोरण पाहावे आणि कस्टम्सकडून लेखी उत्तर मागवावे.
- परदेशस्थ वाचक. अमेरिकेने कालाश्निकोव्ह कंपनीवर २०१४ साली आणि रोस्तेक या सरकारी संघटनेवर २०२२ साली निर्बंध घातले आहेत. नोव्होसिबिर्स्कचा कारखाना याच रोस्तेकच्या छत्राखाली येतो. युरोपातही निर्बंध आहेत. थेट रशियातून मागवू नये. देशात पूर्वीच आलेला जुना माल घेताना तो केव्हा आला याचा कागद विक्रेत्याकडून घ्यावा, आणि संशय असल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा.
- ग्राहक म्हणून. ऑनलाइन विक्रेत्याने वस्तूचा मूळ देश दाखविणे २०२० च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. बेलारूसची साइट वा अन्य देशातील नक्कल ‘रशियन’ म्हणून विकली गेली असल्यास हीच आपल्या तक्रारीची पहिली बाजू. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमान्वये आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगापुढे दाद मागता येते. विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

यासाठी पावती, पासपोर्तची प्रत, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार, आणि वर सांगितलेल्या बैठकीच्या चाचणीचा तारीख व सही घातलेला मिलिमीटरचा कागद एकत्र जपून ठेवावा. साइट सदोष असल्याचा आपला दावा तोंडी तक्रारीपेक्षा त्या कागदावरील दहा खुणांनी अधिक बळकट होतो.